चौकात राहिलेला अर्नावा

न्योमान अर्नावा मेला तेव्हा त्याला मी मुसलमान केलं. त्यात माझा कसलाही धार्मिक हेतू नव्हता. कुवेतवर इराकी फौजा उतरल्या त्या दिवसापासून, म्हणजे दोन ऑगस्टपासून, आमच्या हॉस्पिटलातला नोंदणीचा कारकून बेपत्ता होता. त्याचं रजिस्टर फिरत फिरत लॅबमध्ये माझ्या टेबलावर आलं होतं, आणि त्या रजिस्टरात धर्माचा रकाना होता. मयताच्या खिशातल्या कार्डावर नाव होतं, फोटो होता आणि ‘इंडोनेशिया’ असं लिहिलेलं होतं. इंडोनेशियाबद्दल माझं ज्ञान शाळेतल्या भूगोलापुरतं होतं: लवंगा, ज्वालामुखी आणि जगात सगळ्यात जास्त मुसलमान. मी ‘मुस्लिम’ लिहिलं आणि पुढच्या स्ट्रेचरकडे वळलो. रकाना रिकामा राहिला असता तरी त्या दिवशी कोणाचं काही बिघडलं नसतं.

अर्नावा रुमैथियातल्या एका कुवेती घरात ड्रायव्हर होता. त्याची बायको केतुत सुकेर्ती त्याच घरात स्वयंपाक करायची. मालक मंडळी उन्हाळ्यासाठी लंडनला गेलेली होती आणि घराच्या किल्ल्या या दोघांकडे होत्या. चार तारखेला सकाळी घरातला गॅस संपला म्हणून तो सिलिंडर आणायला निघाला आणि घराजवळच्या चौकात त्याला गोळी लागली. कोणाची, ते कळलं नाही. त्या आठवड्यात गोळ्या खूप होत्या आणि विचारपूस करणारं कोणी नव्हतं.

सुकेर्ती स्ट्रेचरजवळ उभी होती. एका पायात सपात, दुसरा पाय अनवाणी. रडत नव्हती. कॅज्युअल्टीच्या प्रेमा सिस्टर लातूरकडच्या, कुवेतमध्ये बारा वर्षं काढलेल्या. त्यांनी रजिस्टरात डोकावून पाहिलं आणि मला म्हणाल्या, “बरं झालं बाई, मुसलमान हाय. मॉर्च्युरीत जागा न्हाई, बर्फ न्हाई, आन् बाहेर पन्नास डिग्री. यांच्यात लगेच पुरतेत. नझीरभाईला बोलवा की.”

नझीरभाई रत्नागिरीच्या खाडीकाठचे. धंद्यानं मंदूब, म्हणजे कंपनीच्या वतीनं सरकारी कचेऱ्यांत खेटे घालून दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारून आणणारा माणूस. आता कचेऱ्याच उरल्या नव्हत्या, तेव्हा त्यांनी इद्रीस नावाच्या गाववाल्याची पिकअप घेऊन बेवारशी मयतं पुरण्याचं काम अंगावर घेतलं होतं. इंडोनेशिया म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा उजळला. “ते लोक आपल्यासारखे शाफई पंथाचे,” ते म्हणाले. “हिकडल्यांची रीत वेगळी. ह्याचां सगळां आपल्या पद्धतीनंच करू, डॉक्टर.” मी डॉक्टर नाही, रक्त तपासतो. पण रक्ताला हात लावणारा प्रत्येकजण नझीरभाईंच्या लेखी डॉक्टरच होता.

सुलेबिखातच्या कब्रस्तानात त्यांनी खरोखरच सगळं नीट केलं. माती सारखी झाल्यावर एक विधी असतो. मयताच्या उशाशी बसून त्याला सांगायचं, की आता दोन फरिश्ते येतील, तुला विचारतील, तुझा देव कोण, तुझा पैगंबर कोण. घाबरू नकोस, असं असं उत्तर दे. हे सांगताना मयताला त्याच्या आईच्या नावानं हाक मारायची असते. सुकेर्तीला मागे कुठे सोडणार म्हणून ती पिकअपमध्ये बसलेली होती. नझीरभाई उठून तिच्यापाशी गेले आणि अरबीत विचारलं, “त्याच्या आईचं नाव?”

सुकेर्तीचं अरबी कुवेती स्वयंपाकघरात शिकलेलं, तीन वर्षांचं. आई आणि नाव हे दोन्ही शब्द तिला येत होते. ती समोर बघत राहिली.

दु:खात माणूस असा बसतो. नझीरभाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आईचं नाव माहीत नसेल तर हव्वाचा, म्हणजे आदिमातेचा, मुलगा म्हणायची सोय आहे. त्यात कोणी सुटत नाही. अर्नावा हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना म्हणून त्यांनी त्याला अब्दुल्ला म्हटलं. “अब्दुल्ला, हव्वाच्या मुला,” अशी हाक मारून त्यांनी सगळी उत्तरं अरबीत सांगितली आणि पक्कं व्हावं म्हणून परत एकदा खाडीकाठच्या बोलीत. मग हात झटकून उठले. “पास होईल,” म्हणाले.

सुकेर्तीला प्रेमा सिस्टरनी हवल्लीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आपल्या घरी आणलं. चार दिवसांनी सिस्टर माझ्या दारात उभ्या.

“बघा बाई, काय करायली ही! खजुराच्या झावळ्या तोडून आणायली, चौकोनी चौकोनी द्रोण करायली, आन् प्रत्येकात भाताची चार शितं आन् कण्हेराचं फूल. गॅसजवळ एक, नळावर एक, उंबऱ्याबाहेर जिमिनीवर तर पाच. मी तीन तास रांगंत उभी राहून तांदूळ आणला, आन् ही मुंग्याला घालायली. करणी तर न्हाई ना?”

“विचारलं का तिला?”

“विचारलं की. हसली नुसती.”

उलगडा देवदत्तमुळे झाला. देवदत्त आमच्या एक्स-रेमध्ये होता, पुण्याचा, वरच्या मजल्यावर राहायचा आणि रोज सकाळी गॅलरीत उभा राहून खणखणीत आवाजात संध्या करायचा. खाली रणगाडा गेला तरी पट्टी उतरत नसे. त्या दिवशी त्यानं गायत्री मंत्र सुरू केला आणि खालच्या गॅलरीतून दुसऱ्या एका आवाजानं तो उचलला. चाल निराळी, उच्चार जरा पसरट, पण मंत्र तोच. देवदत्त थांबला. आवाज थांबला नाही. मंत्र संपवून तो पुढे निघाला, देवदत्तला येत नव्हते अशा पाच श्लोकांतून सावकाश गेला आणि शांती, शांती, शांती म्हणून थांबला.

देवदत्त पंच्यावर खाली आला. सिस्टरच्या गॅलरीत सुकेर्ती हात जोडून उभी होती.

“यू हिंदू?”

“बाली,” तिनं छातीवर हात ठेवला. “हिंदू.”

मग देवदत्तनं तिची तोंडी परीक्षा घेतली. ब्रह्मा, विष्णू, शिव? होय. पुनर्जन्म? होय. कर्म? “कर्मफल,” तिनंच पुरं केलं. देवदत्तला भरून आलं. डुक्कर? “जेन,” ती म्हणाली, म्हणजे अरबीत छान. देवदत्तनं थोडा वेळ विचार केला आणि तिला पास केलं, पण वरच्या वर्गात नव्हे. नावाचं सुकीर्ती करून टाकलं, ते एक वेगळंच. आणि मग एकाएकी त्याच्या लक्षात आलं, की एक हिंदू माणूस पुरला गेला आहे.

“हा अन्याय आहे! अर्ज करायचा. उकरून काढून रीतसर अग्नी द्यायचा.” ज्या आठवड्यात लाखभर जिवंत माणसं देशाबाहेर पडण्यासाठी रांगेत उभी होती, त्या आठवड्यात देवदत्तनं एका मयताला बाहेर काढण्याचा अर्ज तीन प्रतींत लिहिला.

रकान्यात मी काय लिहिलं होतं ते मग मला सांगावंच लागलं. सुकेर्तीनं ऐकून घेतलं. ती जे बोलली ते तुटक अरबी, थोडं इंग्रजी आणि बरेचसे हातवारे असं होतं. मला कळलं ते असं:

“मातीचं काही नाही. आमच्या गावातही माणूस आधी मातीतच ठेवतात. कोणी दोन वर्षं, कोणी पाच. सगळ्या गावाची तयारी झाली की सगळ्यांना एकदम अग्नी. माती सांभाळते. देहाचं काय, त्याच्या नावानं पुतळी करूनही चालतं. पण तो मातीत नाहीये.”

“मग?”

“चौकात आहे. अचानक मेलेल्या माणसाला आपण मेलोय हे कळत नाही. तो तिथंच उभा राहतो. त्याला नावानं हाक मारून घरी न्यायचं असतं. नाही नेलं, तर तो या लोकांतला होतो.” तिनं उंबऱ्याबाहेरच्या भाताकडे बोट केलं.

“हे कोण लोक?” सिस्टरनी विचारलं.

“ज्यांना कोणी न्यायला आलं नाही ते.”

सिस्टरनी त्यानंतर तांदळाची तक्रार केली नाही. दिवेलागणीनंतर उंबऱ्याबाहेर पाऊलही टाकलं नाही.

इंडोनेशियाच्या वकिलातीची बस तेरा सप्टेंबरला निघणार होती; बसरा, बगदाद, अम्मान आणि तिथून विमान. सुकेर्तीचं नाव यादीत होतं. एकदा गेली की परत यायचा प्रश्न नव्हता, आणि तेरा तारखेपर्यंत अर्नावा चौकातून निघाला नाही तर तो कायमचा तिथंच. ती हे रडून सांगत नसे. बसची वेळ सांगावी तसं सांगे.

आठ तारखेला सकाळी आम्ही तिघं रुमैथियाला गेलो. सिस्टर युनिफॉर्म घालून आल्या. त्या दिवसांत याहून चांगला परवाना नव्हता. चौकात वाळूची पोती रचून सैनिकांनी नाका केला होता. सुकेर्ती त्यांच्यापासून वीस पावलांवर फुटपाथच्या कडेला बसली. द्रोण मांडले, उदबत्त्या लावल्या. अर्नावाचा एक सदरा पांढऱ्या कापडात बांधून आणला होता. ते गाठोडं तिनं दोन्ही तळहातांवर घेतलं आणि हाक मारली.

“ब्ली न्योमान, मुलिह.” दादा, घरी चला. तिकडे बायका नवऱ्याला दादा म्हणतात.

तिच्या आजीनं सांगितलं होतं, की माणूस आला की गाठोडं जड होतं. आमच्या लॅबमध्ये मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा होता. मी तो सुचवला नाही. गरजही पडली नाही. तिनं नऊ वेळा हाक मारली, उदबत्त्या विझल्या, आणि तिचे हात होते तिथंच राहिले.

परत येताना गाडीत ती म्हणाली, “माझ्यामुळे.”

“तुझ्यामुळं कशानं गं?” सिस्टर म्हणाल्या.

“कबरीजवळ नझीरनं आईचं नाव विचारलं. मला कळलं होतं. मी बोलले नाही. हिंदू म्हटलं असतं तर त्या उन्हात त्याला कुठं नेलं असतं? म्हणून त्याला अब्दुल्ला म्हटलेलं चालवून घेतलं. आता मी न्योमान म्हणून हाक मारते. तो म्हणत असेल, दुसऱ्या कोणाला तरी बोलावतायत.” मग ती बोटं मोजू लागली. तिच्या शाळेतल्या गुरुजींनी पाच सत्यं शिकवली होती: मनाचं, वाणीचं, वागण्याचं, दिलेल्या शब्दाचं आणि मित्राशी राखायचं. पाचव्या बोटावर ती थांबली. “नझीरनं त्याला खांदा दिला. मी नझीरला फसवलं. त्याला सांगितल्याशिवाय हा येणार नाही.”

देवदत्तला हे कळलं तेव्हा तो घाबरला. “डोकं फिरलंय का? ही काय सांगायची वेळ आहे? त्या माणसानं त्याच्यावर नमाज पढलाय!” अन्यायाच्या अर्जाच्या तिन्ही प्रती टेबलावर होत्या. पण बिल्डिंगला रोज सकाळी पाव नझीरभाईंच्या पिकअपमधून येत असे, आणि ही बाजू अर्जात आलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुकेर्ती त्यांच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसली. मी दाराशी उभा. तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न वगळता. नझीरभाईंच्या हातातली तसबीची माळ सुरुवातीला चालू होती, मग थांबली.

“हिंदू?” त्यांनी मला विचारलं.

“हो.”

“कार्डावर बघितलां नाय कोनी?”

“कार्डावर धर्म नव्हता.”

“मग रजिस्टरात लिवलां कोनी?”

“मी.”

“डॉक्टर, तुमी रक्त बगता ना? मग मानसाचा गट तपासल्याबिगर लिवता काय?”

मला वाटलं, आता नमाजाचा विषय निघणार, कब्रस्तानाचा निघणार. निघालं ते वेगळंच.

“मी त्याला जवाब शिकवले,” ते हळू म्हणाले. “पक्के करून घेतले, दोन-दोनदा. तो बिचारा तिथं कोनासमोर तरी उभा असेल नि माझे जवाब बोलत असेल. त्याचा देव विचारत असेल, तुला हे कोनी शिकवलान? म्हंजे काय झालां, दुसऱ्याच्या फाइलमधले कागद ह्याच्या फाइलला लागले. असली फाइल पुढं सरकत नाय, डॉक्टर. पंचवीस वर्षां बगतोय मी. ना मंजूर होत, ना नामंजूर होत. टेबलावर पडून राहते.”

“मग काय करतात?”

“ज्यानं लावले त्यानंच जाऊन काढायचे. दुसऱ्याची सही चालत नाय.”

सोमवारी आम्ही पुन्हा सुलेबिखातला गेलो. सुकेर्ती पुन्हा पिकअपमध्येच बसली. नझीरभाईंनी तिच्यापाशी जाऊन तोच प्रश्न विचारला: “त्याच्या आईचं नाव?”

“नी लुह रुनिंग.”

कबरीपर्यंत ते नाव पुटपुटत चालले. कबरीला दगड नव्हता, नुसता पत्र्याचा तुकडा. पाच आठवड्यांत तशा पत्र्यांची एक लांब ओळच झाली होती आणि पुष्कळांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. ते उशाशी उकिडवे बसले, अरबीत एक वाक्य सुरू केलं आणि मध्येच सोडून दिलं. मग नेहमीच्या बोलीत म्हणाले:

“अर्नावा, बाबा, रुनिंगच्या मुला. मी नझीर. त्या दिवशी तुला अब्दुल्ला म्हनलां ते माझां चुकलां. तुझां नाव तुझांच आहे. मी शिकवलेले जवाब तू बोलू नको. तुझे तुला येत असतील ते बोल. कोनी विचारलान, की ह्ये आधी वेगळां का सांगितलांस, तर माझां नाव सांग. रत्नागिरीचा नझीर, अमीनाचा मुलगा. म्हनावं, त्याला विचारा, तो जबाबदार आहे. मी येईन तेव्हा बघून घेईन. आता तू हितं थांबू नको. बायको चौकात येतेय, तिच्याबरोबर जा.”

उठताना त्यांना हात द्यावा लागला. गाडीपाशी म्हणाले, “अरबीत नाय बोललो. अरबीत ह्याचा फॉर्म नाय.”

एक गोष्ट राहिली होती. पहिल्या खेपेला सुकेर्तीनं जमिनीवर दारू ओतली नव्हती. चौकात जे इतर असतील त्यांना त्यांचा वाटा मिळाला, की ते वाट सोडतात आणि मागे येत नाहीत; त्यासाठी अरक लागतो. कुवेतमध्ये दारूला बंदी, त्यात इराकी फौजेचा ताबा. देवदत्त म्हणाला, तीर्थ चालणार नाही का? सिस्टर म्हणाल्या, स्पिरिट हाय हॉस्पिटलात. अरक शेवटी नझीरभाईंनीच आणला, सिगारेटच्या दोन पाकिटांच्या बदल्यात, एका सैनिकाकडून. खोकल्याच्या औषधाची बाटली होती. वर्तमानपत्रात गुंडाळून, हात लांब धरून त्यांनी ती आणली, मेलेला उंदीर शेपटीनं धरतात तशी, आणि मग तीनदा हात धुतले.

बारा तारखेला सकाळी आम्ही चौकात. या खेपेला नाक्यावरचा एक सैनिक उठून आमच्याकडे आला. मिशा पिकलेल्या, बूट फाटलेले, सक्तीनं बोलावून आणलेला दिसत होता.

“बाटलीत काय आहे?”

“दवा,” नझीरभाई चटकन म्हणाले.

“अरक,” सुकेर्ती म्हणाली.

नझीरभाईंनी डोळे मिटले.

“कोणासाठी?” सैनिकानं विचारलं.

“इथं जमिनीवर आहेत त्यांच्यासाठी.”

सैनिकानं जमिनीकडे पाहिलं. “सगळा त्यांनाच?” मग त्यानं बाटली उचलली, अर्धी प्यायला, तोंड पुसलं आणि परत ठेवली. “आता ओत,” म्हणाला, आणि पोत्यांकडे निघून गेला.

उरलेला अरक तिनं ओतला. फुटपाथ इतका तापलेला होता, की ओल दिसली न दिसली तोच नाहीशी झाली. मग तिनं गाठोडं तळहातांवर घेतलं आणि हाक मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्या हाकेला तिचे हात खाली आले. तिनं ते ठेवले नाहीत, आले. कोपरं गुडघ्यांना टेकली. ती तशीच थोडा वेळ वाकून राहिली, आणि मग त्या एका सदऱ्यासकट उठायला तिला दोन प्रयत्न करावे लागले. नझीरभाई पुढे झाले, तिनं मानेनंच नको म्हटलं. मी दिसलं तेवढं लिहितोय.

दुसऱ्या दिवशी बस ठासून भरलेली होती. बहुतेक जावाच्या बायका, कडेवर पोरं, पायांत बोचकी. सुकेर्तीनं खिडकीच्या सीटवर गाठोडं ठेवलं आणि स्वत: शेजारी बसली. वकिलातीचा कारकून यादी घेऊन आत आला, मांडीवर घ्या म्हणून खूण केली. ती त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली, फार नाही, चारपाच शब्द. कारकून मुसलमान होता. त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली, मधल्या वाटेत स्वत:ची सूटकेस आडवी घातली आणि तिच्यावर बसला. अम्मानपर्यंत त्या खिडकीशी कोणी बसलं नाही असं पुढे कळलं.

ऑक्टोबरात देवदत्त गेला, मग सिस्टर गेल्या. मी राहिलो कारण रक्त तपासणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. नझीरभाई राहिले कारण पिकअप राहिली होती. जानेवारीत बाँब पडू लागले, फेब्रुवारीअखेर फौजा पळाल्या, आणि तेलविहिरी पेटल्यामुळे दुपारी बारा वाजता गाड्यांना दिवे लावावे लागू लागले. रुमैथियाच्या चौकात पोती तेवढी राहिली, त्यांत मांजरं व्यायली.

सुकेर्तीचं पत्र ऑगस्ट एक्क्याण्णवमध्ये आलं. तिनं सांगितलेलं, गावच्या गुरुजींनी इंग्रजीत लिहिलेलं, अक्षर छापल्यासारखं.

‘आपणा सर्वांस नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या गावानं एकसष्ट जणांना एकत्र अग्नी दिला. त्यात न्योमान अर्नावाही होता. आदल्या दिवशी अंगात येणाऱ्या बाईंच्या तोंडून तो बोलला. सिलिंडर मिळाला नाही याबद्दल त्यानं दिलगिरी सांगितली आहे. श्री. नझीर यांना सांगणं, की त्याला कोणी काही विचारलं नाही, तुमचं नाव घ्यावं लागलं नाही. त्याचं सगळं नीट झालं.

‘मात्र त्याच्याबरोबर आणखी एकजण आला आहे. तो त्या चौकातलाच असावा. अंगणात फाटकापाशी उभा असतो, बस म्हटलं तरी बसत नाही. आमची भाषा त्याला येत नाही. बाईंना एवढंच कळतं, की तो पाणी मागतो, आणि ते अरबीत. बसमध्ये आम्ही जागा एकाचीच धरली होती, तेव्हा तो इतक्या लांब उभ्यानंच आला असणार, त्याचं आम्हाला वाईट वाटतं. आम्ही त्याला रोज भात आणि पाणी ठेवतो. पण नाव आणि आईचं नाव कळल्याशिवाय त्याला पुढे पाठवता येत नाही. आपण तिथंच आहात. कृपया चौकशी करावी.’

नझीरभाईंनी माझ्याकडून पत्र तीनदा वाचून घेतलं.

“अरक कमी पडला,” ते म्हणाले.

शुक्रवारच्या नमाजानंतर त्यांनी चौकाभोवतालच्या घरांची दारं ठोठावायला सुरुवात केली. विचारायचे एवढंच: मागच्या ऑगस्टात या चौकात आणखी कोण मेलं होतं? लोकांना आठवत नव्हतं, किंवा खूप जण आठवत होते. पण त्या दिवसांत कुवेतमध्ये शेकडो घरं अशी होती, की जिथला माणूस उचलून नेला होता आणि परत आला नव्हता. त्यांच्याकडे नाव होतं, फोटो होता, जन्मतारीख होती, फक्त माणूस नव्हता. नझीरभाईंकडे माणूस होता आणि नाव नव्हतं. ही बातमी पसरायला एक आठवडा पुरला.

मग लोक येऊ लागले. नझीरभाईंच्या खोलीत जागा पुरेना म्हणून माझ्याकडे. लग्नातले फोटो, शाळेच्या ओळखपत्रातले कापून काढलेले, एकात नुसता अर्धा चेहरा. नझीरभाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे, रजिस्टर, कबर, अब्दुल्ला, अरक, एकही गोष्ट गाळायचे नाहीत. मेलेला आहे हेही सांगायचे. लांब एका बेटावर फाटकापाशी उभा आहे, हिंदूंच्या अंगणात. मला वाटायचं आता कोणीतरी हसेल, किंवा धर्मावरून भडकेल, निदान उठून जाईल. कोणी उठलं नाही. ते प्रश्न विचारायचे. उंच आहे का? डावीकडे झुकून उभा राहतो का, त्याचा पाय मोडला होता. पाणी मागताना ‘आई’ म्हणतो, का नुसतंच मागतो?

मी सगळे प्रश्न गुरुजींसाठी इंग्रजीत उतरवून काढले. एकोणतीस झाले. पाकीट चिकटवलं, तिकिटं लावली. तेवढ्यात शेवटी गेलेली एक म्हातारी बाई तीन जिने परत चढून वर आली. अंगावरचा काळा, पायघोळ अबाया एका हातानं सावरलेला, दम लागलेला. भिंतीला धरून तिनं श्वास घेतला आणि नझीरभाईंना काहीतरी सांगितलं.

“काय म्हणते?”

“म्हनते, पायाचां विचारू नका, ते खोडा. पानी कसलां देतात तेवढां विचारा. त्याला फ्रीजचां लागतां, कोमट असलां तर तसाच उभा राहील.”

मी पाकीट फाडलं. ती जागची हलली नाही. मी लिहितोय की नाही ते बघत दारातच उभी राहिली.